एक घर उरलां

आताचे कॉम्प्युटर बोलत नाहीत. बटण दाबलं की नुसता पंखा फिरतो आणि पडदा उजळला तर उजळला, नाहीतर आपण मूर्खासारखे काळ्या काचेत स्वतःचं तोंड बघत बसायचं. पूर्वीच्या यंत्रांना कंठ होता. सुरू करताच आतून 'टीक' असा एक आवाज यायचा आणि मगच अक्षरं दिसायची. तो 'टीक' ऐकायला शिकवणारा माणूस म्हणजे म्हाबळशेट. पेडण्याच्या बाजारातल्या एका अरुंद दुकानात बसणारे सोनार. ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्याबद्दल लिहावं असं कधी मनात आलं नव्हतं, कारण लिहायला घेतलं असतं तर माझ्याबद्दलही थोडं लिहावं लागलं असतं. पण गेल्या महिन्यात डिचोलीला बहिणीकडे जे कळलं, तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. हातातली कामं अर्धवट टाकून मी घरभर फिरते. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

गोष्ट साधी आहे. एका माणसाचे डोळे जात होते आणि त्याला हातातलं काम सोडायचं नव्हतं. हे साऱ्या पेडण्यात दोघांनाच ठाऊक होतं. एक ते स्वतः आणि दुसरी मी.

पण आधी माणूस दाखवायला हवा. बुटके, सडपातळ, पांढरा सदरा, कानात बारीक बाळी. जागेवर स्थिर बसले आहेत असं मी त्यांना क्वचितच पाहिलं. बसले तरी एक पाय हलत असायचा आणि बोटांत तांब्याच्या तारेचा तुकडा गोल गोल फिरत असायचा. बोलताना ते समोरच्याकडे सरळ बघत नसत. मान एका बाजूला वळवून, कोंबडी दाण्याकडे बघते तसं बघत. लोकांना तो त्यांचा स्वभाव वाटायचा. 'सोनार, शिंपी, कुलकर्णी आप्पा, यांची संगत नको रे बाप्पा' असं म्हणून बाजारातली माणसं त्यांना चिडवायची, 'शेट, सरळ पळया मरे, कितां चोरलां?' म्हणायची. शेट हसायचे आणि कोंकणीत एक सणसणीत शिवी घालायचे. आमच्याकडे गोव्यात मराठी की कोंकणी असा भाषेचा वाद पेटला होता, भाऊ भावाशी बोलत नव्हता, त्या दिवसांतही शेटांच्या दुकानाची पाटी मराठीत आणि शिव्या कोंकणीत असा सलोखा होता. गोवा वेगळं राज्य झालं, वाद निवला, पाटी आणि शिव्या तशाच राहिल्या.

निम्म्या पेडण्याचे कान त्यांनीच टोचले होते. अगदी खरेखुरे, सुईनं. पण म्हापशाला मोठी दुकानं झाली, तयार दागिने काचेत मांडलेले मिळू लागले, आणि घडवून घेणारं गिऱ्हाईक आटलं. शेट घड्याळं उघडू लागले, मग रेडिओ. एकदा कुणीतरी मेलेला कॉम्प्युटर त्यांच्यापुढे आणून टाकला, भंगारात देण्याआधी बघा म्हणून. त्यांनी झाकण काढलं, आतली एक लांबट पट्टी उपसली, आणि तिच्या कडेला ओळीनं सोनेरी दात दिसले. तो प्रसंग ते अजून घडतोय असा सांगायचे. 'हांवें म्हळां, हां? हें पितळ न्हय!' मग त्यांनी खरोखर कसोटीचा दगड काढला आणि त्या पट्टीची रेघ दगडावर ओढून पाहिली. सोनं निघालं. मुलामाच, पण सोनं. 'सोनां आसा थंय माजो हक्क आसा,' असं म्हणून शेट त्या दिवसापासून कॉम्प्युटरवाले झाले. इंग्रजी पुस्तक त्यांनी एकही वाचलं नाही. कुठून कुठून ऐकलं, चार मेलेली यंत्रं सोडवली, पुन्हा जोडली, त्यातली दोन जिवंत झाली.

आमच्या घरी ते पहिल्यांदा आले ते माझ्या हट्टामुळे. मी पेडण्याच्या शाळेत गणित शिकवायची. माझ्या दिरानं मुंबईहून आपला जुना कॉम्प्युटर पाठवला होता आणि मी त्यावर प्रश्नपत्रिका करू लागले होते. एका सकाळी पंखा फिरला, दिवा लागला आणि पडदा काळाच. म्हापशाचा तंत्रज्ञ येऊन दोन मिनिटं बघून म्हणाला, 'मदरबोर्ड गेला, नवीन घ्या.' त्याच्या त्या दोन मिनिटांचा मला राग आला. मुलगा गणितात नापास झाला तर मी त्याची वही तरी उघडून बघते. आमचे हे म्हणाले, 'म्हाबळशेटला बोलाव, तो निदान उघडेल तरी.'

शेट पिशवी घेऊन आले. यंत्राला हात लावण्याआधी मला म्हणाले, 'बाई, हांगां बसा. तशां न्हय, माज्या मुखार. माजे हात तुमका दिसूंक जाय.'

'तुम्ही बघा, मी तोवर चहा टाकते,' मी म्हटलं.

'च्या मागीर. तुमी ना जाल्यार हांव हात लावचो ना.'

ही सोनाराची जुनी रीत. गिऱ्हाइकाचं सोनं गिऱ्हाइकाच्या नजरेआड न्यायचं नाही. वितळवायचं तर त्याच्यासमोर, तासायचं तर त्याच्यासमोर. म्हणून शेट कुणाचंही यंत्र दुकानात नेत नसत. स्वतः घरी येत आणि घरधन्याला समोर कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, बसवून मगच स्क्रू फिरवत. मी गणिताच्या पन्नास वह्या मांडीवर घेऊन बसले आणि मनातून चरफडले.

त्यांनी आधी काही उघडलंच नाही. भिंतीतला प्लग दाबून बघितला. मॉनिटरचा दिवा हिरवा की पिवळा ते मला विचारलं. मॉनिटरची केबल काढून तिच्या टोकातल्या सुयांवरून बोट फिरवलं, एखादी वाकली आहे का म्हणून. मग सुरू करायला सांगितलं आणि कान पेटीला लावून उभे राहिले. आतून लांब लांब भोंगे येऊ लागले, एकामागून एक.

'ऐकलां? बोंब मारता. बोंब मारता म्हळ्यार जितो आसा,' शेट खूश होऊन म्हणाले. 'वगी रावलो आसतो जाल्यार भियेवपाचां.'

गप्प यंत्र वाईट, ओरडणारं बरं, हे त्यांचं पहिलं सूत्र. दुसरं, 'हात मागीर, कान पयलीं.' लांब भोंगे म्हणजे स्मरणाची पट्टी नीट बसलेली नाही. एक लांब आणि दोन-तीन आखूड म्हणजे चित्राचं कार्ड. एकच आखूड 'टीक' म्हणजे देव पावला, यंत्रात खोट नाही, खोट असली तर पडद्यात. त्यांनी पांढरा पंचा अंथरला, एकेक स्क्रू पितळी वाटीत टाकला, ती सोनेरी दातांची पट्टी काढून हातात धरली आणि म्हणाले, 'बाई, खोडरबर आसा मगे? मास्तरणीच्या घरांत तो आसतलोच.' माझ्या खोडरबरानं त्यांनी ते दात घासले, ज्या ब्रशानं बांगड्या घासायचे त्या ब्रशानं खाच झाडली, फुंकणीनं धूळ उडवली आणि पट्टी दाबून बसवली. 'सोन्याक डाग पडना. पडता तो वयर बसता.'

'टीक' झालं. शेट पडद्याकडे पाठ करून बसले होते. माझ्याकडे मान वळवून म्हणाले, 'कितां दिसता?'

'अक्षरं!' मी ओरडलेच. मांडीवरच्या वह्या खाली पडल्या.

निघताना त्यांनी पंच्यावरची सगळी धूळ एका कागदावर गोळा केली, पुडी बांधली आणि माझ्या हातात दिली. मी म्हटलं, 'शेट, हा केर आहे.' ते गंभीरपणे म्हणाले, 'आमी ताका केर म्हणनांव. गिऱ्हाइकाचो कण गिऱ्हाइकाक.' सोनाराच्या दुकानातल्या धुळीतही सोनं असतं, म्हणून झाडलोट परत द्यायची. कॉम्प्युटरच्या धुळीत काय असणार? पण रीत ती रीत. ती पुडी मी कपाटावर ठेवली आणि फेकायची विसरले.

मग काय, मी त्यांची जाहिरातच झाले. शाळेत, बाजारात, बसमध्ये, कुणाच्या घरचा पडदा काळा झाला की मी म्हाबळशेटांचं नाव सांगायची. माझी बहीण सुमती डिचोलीला, तिच्याकडे तर मी स्वतः शेटांना बसनं घेऊन गेले. खाणीच्या ट्रकांच्या रस्त्यावरचं घर. जनेल उघडलं की टेबलावर लाल थर, भातावर लाल थर, देवावर लाल थर. सुमतीचा नवरा दोन दिवस आपल्या म्हाताऱ्या आईच्या अंगावर खेकसत होता, 'आये, तूच कितांय केलां, तूच थंय हात लायता.' आये कोपऱ्यात पोरासारखी बसलेली.

शेटांनी यंत्र सुरू केलं. एकच 'टीक' झालं, स्वच्छ. म्हणजे यंत्र ठणठणीत. मी त्यांच्याजवळ होते म्हणून मला दिसलं की त्यांचा हात मॉनिटरच्या खालच्या चाकाकडे गेला, उजेड कमीजास्त करायचं ते चाक, आणि तिथेच थांबला. चाक शेवटपर्यंत मागे फिरवलेलं होतं. आयेनं उजेड फुकट जळतो म्हणून कंदिलाची वात कमी करतात तसा तो कमी केला होता. शेटांनी हात मागे घेतला. मग सबंध यंत्र उघडलं, अर्धा तास लाल धूळ झाडली, सुमतीच्या नवऱ्याला धुळीवरून एक भाषण दिलं, सगळं परत बसवलं आणि बसवता बसवता अंगठ्यानं ते चाक फिरवलं. पडदा उजळला. 'धूळ,' ते म्हणाले. 'खाणीची धूळ. म्हातारेचो कितांच संबंद ना.' आयेला त्यांनी चहा करायला लावला आणि ती चहा करत असताना तिच्याजवळ जाऊन हळूच काहीतरी सांगितलं. ती तोंडावर पदर घेऊन हसली. परतीच्या बसमध्ये मी विचारलं तेव्हा म्हणाले, 'तुमी पळयलां मगे? मास्तरणीचे दोळे. कोणाक सांगूं नाकात.'

हे 'कोणाक सांगूं नाकात' मी पाळलं. पुढचंही पाळलं, आणि तिथेच घात झाला.

त्यानंतर वर्षभरानं आमचं यंत्र पुन्हा रुसलं. शेट आले, पंचा अंथरला, मला समोर बसवलं. सगळं झाल्यावर 'टीक' झालं आणि काळ्या पडद्यावर बारीक पांढरी अक्षरं उमटली. या वेळी शेट पडद्याकडे तोंड करून होते, हातभर अंतरावर. आणि तरी मला विचारलं, 'कितां दिसता?' मला उगाच खोडी करावीशी वाटली. मी काही बोलले नाही.

शेट थांबले. मान वळवली, पुन्हा सरळ केली. बोटांतली तार फिरायची थांबली.

'बाई, टीक जालां न्ही? दिसूंक जाय.'

मी गप्पच.

'दिसना?' त्यांचा आवाज इतका घाबरलेला मी आधी कधी ऐकला नव्हता. ते मॉनिटरच्या केबलला चाचपू लागले, चाकाला चाचपू लागले, आणि अक्षरं त्यांच्या नाकासमोर शांतपणे उभी होती.

'शेट, दिसतंय,' मी म्हटलं. 'मघापासून दिसतंय.'

ते खाली बसले. मग मी विचारलं, 'शेट, तुमका कितलां दिसता?'

'कडेन दिसता. मदीं ना.' त्यांनी हाताची मूठ नाकासमोर धरली. 'हांगां काळो दाग आसा. तुमचां तोंड ना, तुमचे कान आसात.'

दोन वर्षं झाली होती. जन्मभर दिव्याच्या ज्योतीवर फुंकणी मारून बारीक काम केलेलं, वरून वय. पणजीच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की हे बरं होणार नाही, वाढत मात्र जाईल. मान वाकडी करून बघायची ती खोड नव्हती, तेवढीच दृष्टी उरली होती. आणि मला एकदम उलगडलं की काळ्या पडद्याची दुरुस्तीच त्यांना का जमते. जिथे कुणालाच काही दिसत नाही तिथे ते सगळ्यांच्या बरोबरीला होते. कान त्यांचे, हात त्यांचे, आणि डोळे समोर बसवलेल्या गिऱ्हाइकाचे. बापजाद्यांच्या त्या रीतीनं त्यांना दोन वर्षं झाकून ठेवलं होतं.

'कोणाक सांगूं नाकात, बाई,' ते म्हणाले. 'लोकांक कळ्ळां जाल्यार हात लावंक दिवचे नात. हे हात बसले जाल्यार हांव बसलों. चलतात तितले दीस चलूं दीत.'

मी शपथ घेतल्यासारखं 'हो' म्हटलं. मला त्यांची दया आली नाही, खरं सांगायचं तर मला अभिमान वाटला, की एवढं मोठं गुपित माझ्याजवळ आहे. त्यानंतर मी त्यांना आणखी जोरात कामं मिळवून द्यायला लागले. हे माझं चुकलं. ज्याला दिसत नाही त्याला मदत करायची म्हणजे त्याच्याशेजारी बसायचं असतं, त्याला पुढे ढकलायचं नसतं. पण तेव्हा मला ते कळलं नाही.

मांद्र्याला माझा जुना विद्यार्थी दिगंबर, त्यानं समुद्राजवळ पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या होत्या. त्याचा कॉम्प्युटर बंद पडला. खारी हवा, सगळ्या दातांवर हिरवट कळंक चढलेला. मीच म्हटलं, 'म्हाबळशेटला घेऊन येते.' हंगामाचे दिवस, अंगणात पाहुण्यांची ये-जा, दिगंबर धावपळीत. शेटांनी त्याला समोर बसायला सांगितलं. तो दोन मिनिटं बसला, मग कुणी हाक मारली, उठून गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. शेटांनी कळंक घासण्यासाठी सगळा बोर्डच बाहेर काढला. मी होते, पण मी व्हरांड्यात दिगंबरच्या बायकोशी गप्पा मारत होते. मला जाणीव होती की आत त्यांच्यासमोर कुणी नाही. आत जायला हवं होतं. दिगंबरची बायको कोकमाचं सरबत घेऊन आली आणि मी बसून राहिले.

त्या जुन्या यंत्रांत बोर्डाला वीज दोन वेगळ्या प्लगांनी जायची. दोन्ही प्लग जुळ्या भावांसारखे, शेजारी शेजारी बसवायचे. लावताना एकच नियम. दोन्हींच्या काळ्या वायरी मधोमध एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. 'काळो काळ्याकडेन,' शेट नेहमी मोठ्यानं म्हणायचे आणि समोरच्याकडून 'हो' घ्यायचे. उलटे बसले तर बोर्ड जागच्या जागी मरतो. त्या दिवशी 'हो' म्हणायला कुणी नव्हतं.

'टीक' झालं नाही. एक बारीकसा 'फट्' झाला आणि जळका वास व्हरांड्यापर्यंत आला.

आम्ही आत धावलो. शेट उभे होते, दोन्ही हात पंच्यावर टेकलेले. दिगंबर येऊन ओरडू लागला. शेट म्हणू शकले असते की वीज वरखाली झाली, खारी हवा, जुनं यंत्र. म्हापशाचा तंत्रज्ञ असता तर म्हणालाच असता. शेट म्हणाले, 'हांवें मारलो ताका. हात न्हय, दोळे चुकले. माका मदीं दिसना, तीन वर्सां जालीं. तुका पयलींच सांगूंक जाय आसलां, पुता.'

पाहुणे, कामाला आलेल्या बायका, सगळे दारात. दिगंबर माझ्याकडे वळला. 'बाई, तुमीच हाडलो हांका. तुमका हें खबर आसलां?'

आणि मी म्हटलं, 'माका खंय खबर!'

तीन शब्द. मी हे शब्द नंतर इतक्या वेळा मनात उगाळले आहेत की त्यांची चव जिभेवर बसली आहे. शाळेत खोटं बोलणाऱ्या मुलांना मी वर्गाबाहेर उभं करत असे. शेटांनी मान वळवून माझ्याकडे, म्हणजे माझ्या कानाकडे, पाहिलं. मग जमिनीवर बसून पंच्यावरची हिरवी-काळी धूळ गोळा केली, पुडी बांधली आणि दिगंबरपुढे धरली. दिगंबरनं ती घेतली नाही.

मांद्र्याची बातमी संध्याकाळी पदेर पाव घेऊन फिरेपर्यंत पेडण्यात पोचली होती. आंधळा सोनार कॉम्प्युटर जाळतो. लोक हसले, काही हळहळले, पण बोलावलं कुणीच नाही. दुकान ते उघडत. आत बसत नसत. दारात उभे, मग चार पावलं बाजाराकडे, मग परत. मी तिकडून जाणं टाळायला लागले. शाळेत जायला लांबचा रस्ता धरला. शरमेनं माणूस नरम होतो असं म्हणतात, माझा अनुभव वेगळा आहे. ज्याच्यासमोर आपण खोटे पडलो त्याचा आपल्याला रागच येतो.

दोनेक महिन्यांनी एका सकाळी ते आमच्या पायऱ्यांवर दिसले. चपलेनं एकेक पायरी चाचपत वर आले. हातात ती नेहमीची पिशवी.

'बाई, मशीन बरी आसा मगे?'

'बरी आसा, शेट.'

'मात्शी उगडून पळयतों. पांच मिनटां. एक काम उरलां.'

हे काम मागायला आले आहेत असं मला वाटलं. मी आत घेतलं तर मांद्र्याचं बोलावं लागेल. शिवाय, हेही लिहिते, मला माझ्या यंत्राची भीती वाटली.

'चालू आसा ती. चालू मशीन कित्याक उगडपाची?' मी दारातूनच म्हटलं.

'तुमी मुखार बसा, बाई. तुमीच काळो दाखयात, हांव फकत...'

'माका वेळ ना, शेट. शाळेची घाई आसा.'

त्या दिवशी रविवार होता. दोघांनाही माहीत होतं. त्यांनी मान वळवली, मला कडेनं जेवढं बघता येईल तेवढं पाहिलं आणि म्हणाले, 'बरां. बरां, बाई.' उतरताना शेवटच्या पायरीवर ते थांबले, मला वाटलं पुन्हा काही म्हणतील. त्यांनी फक्त पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग मान एका बाजूला वळवून, रस्त्याच्या कडेकडेनं, भराभर चालत गेले. मी दार लावून घेतलं. तेच त्यांचं शेवटचं दर्शन. पुढच्या चतुर्थीच्या आधी ते गेले. मी समाचाराला गेले, त्यांच्या बायकोसमोर दहा मिनिटं बसले आणि उठून आले.

इथवर मी मनाशी एक तडजोड करून राहिले होते. म्हातारा माणूस काम मागायला आला, मी नाही म्हटलं, वाईट झालं, पण असं होतं.

गेल्या महिन्यात सुमतीकडे गेले. खोली रंगवायची म्हणून तिनं जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायला काढला होता, झाकण उघडून अंगणात ठेवलेला. मी सहज वाकले. आतून ते दोन जुळे प्लग लोंबत होते. एकाच्या टोकाला, काळ्या वायरींच्या बाजूला, कानशीनं घासलेली एक बारीक खाच होती. दुसऱ्यालाही तशीच, काळ्या बाजूला. दोन्ही शेजारी धरले की खाचेला खाच लागत होती.

'हें कितां गे?' मी विचारलं.

'तां? तां शेटान केलां,' सुमती म्हणाली. 'मांद्र्याचां तां जालां तेन्ना मागीर आयलो. मशीन चालूच आसली, तरी म्हणपाक लागलो उगडतां. आमचे हे ना म्हणटाले, पण आयेन आयकलां ना. तीच मुखार बसली, कदेलार, आणि काळो खंयचो तो दाखयलो. ताणें कानस मारली आणि गेलो.'

'कित्याक?'

'शेट म्हणालो, माज्यासारको दुसरो कोण आयलो जाल्यार ताच्या बोटांक कळूंक जाय. हांव भोंवतां खंय, जितल्या घरांनी हात लायला तितल्या घरांनी. बसान, चलत.' सुमती चहाचा कप माझ्यापुढे ठेवत म्हणाली, 'सगळीं घरां जालीं, म्हणालो. एक घर उरलां, आमच्या बाईंचां. तुज्याकडेन आयिल्लो न्ही?'

'आयिल्लो,' मी म्हटलं.

चहा न पिता मी दुपारची बस धरली. घरी आल्यावर आमचे हे विचारत राहिले, काय झालं, काय झालं. मी शिडी लावून माळ्यावर चढले. आमचं जुनं यंत्र तिथंच होतं, गोणपाटाखाली. स्क्रू कडक झाले होते, एक स्क्रू खाली घरंगळला आणि मी तो शोधलासुद्धा नाही. झाकण निघालं. आत हात घालून मी ते दोन प्लग ओढून काढले.

माळ्यावर उजेड होता. काळ्या वायरी मला नीट दिसत होत्या. तरी मी डोळे मिटले आणि एकाच्या काळ्या बाजूवरून बोट फिरवलं. मग दुसऱ्याच्या. मग पुन्हा पहिल्याच्या, नखानं, अगदी सावकाश.

दोन्ही गुळगुळीत होते.